कचरा काढल्यानंतर

चलान छापायचं बटण दाबलं आणि पडद्यावर चौकट आली : 'टेबल ऑर व्ह्यू डज नॉट एक्झिस्ट.' भुजंगने पुन्हा बटण दाबलं. चौकट पुन्हा आली. खिडकीबाहेर कपाशीच्या बियाण्याने भरलेले ट्रक फाटकापर्यंत उभे होते आणि पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून ऑफिसकडे बघत होता.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या या बियाणं कंपनीचा सगळा कारभार नुकताच नव्या सॉफ्टवेअरवर आला होता. कंप्युटरने चलान दिल्याशिवाय एक पोतं बाहेर पडत नव्हतं. मृगाची पेरणी तोंडावर आलेली. भोकरदनचे दुकानदार सकाळपासून फोनवर फोन करत होते. आणि कंप्युटर सांभाळणारा भुजंग अजून नोकरीत कायम झालेला नव्हता.

मॅनेजर काकासाहेब आत आले. "गाड्या का थांबल्या?"

"साहेब, टेबल सापडत न्हाई म्हनतंय."

काकासाहेबांनी स्टोअरकीपर बदरोद्दीनला बोलावणं धाडलं. तो हात पुसत आला.

"बदरोद्दीन, कंपनीचं टेबल गेलंय."

"कोन म्हन्तं?" बदरोद्दीनचा चेहरा उतरला. "साहेब, सगळे टेबल मी सोता मोजले. एक लंगडं हाय, पन हाय. माझ्यावर शक असंल तर बराबर झडती घ्या."

"चाचा, लाकडाचं न्हाई," भुजंग काकुळतीने म्हणाला. "कंप्युटरातलं टेबल. माहिती भरून ठेवायचा खण समजा."

"मंग मला काहून बोलावलं?" बदरोद्दीन म्हणाला, पण गेला नाही. झडतीची भाषा झाल्यावर निकाल ऐकल्याशिवाय जायला त्याचं मन तयार नव्हतं.

भुजंगने पुण्याला फोन लावला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बाई लाइनवर आल्या. "चौकटीत टेबलचं नाव येत नाही का? बरं. मी एकेक नाव सांगते, तुमच्याकडे आहे की नाही ते बघा." एकेक नाव येत गेलं आणि भुजंग "हाय", "हाय" म्हणत गेला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. काकासाहेबांनी फोनचा स्पीकर चालू केला आणि खुर्ची ओढून भुजंगच्या मागेच बसले.

"आता बघा, कचरा," बाई म्हणाल्या.

भुजंगचा हात माउसवरच थांबला.

"कचरा नावाचं टेबल आहे का? बी साफ करताना जे फोल आणि फुटकं निघतं, त्याचं वजन त्यात असतं. आलेल्या मालातून ते वजा झाल्याशिवाय चलान निघणार नाही."

"न्हाई," भुजंग बारीक आवाजात म्हणाला.

"मग कुणीतरी काढून टाकलंय. आपोआप जात नाही ते."

काकासाहेब पुढे वाकले. "कोणी काढलं? नाव सांग भुजंग. आजच्या आज त्याला घरी पाठवतो."

खोटं बोलायचं तरी नाव कुणाचं घ्यायचं? या यंत्राला हात लावणारा भुजंग एकटाच होता.

"मीच काढलं, साहेब."

"का?"

"काल तुम्हीच म्हन्लात, कंप्युटर लई हळू चालून राह्यला, आतला कचरा काढून टाक. मी शोधला. त्या नावाचं एकच सापडलं."

बदरोद्दीन खिडकीकडे तोंड करून खोकला. फोनमधून हसू दाबल्यासारखा आवाज आला. काकासाहेब खुर्चीत मागे टेकले. घरी पाठवायचं कुणाला, याचा हिशेब लागत नसावा.

"परत आणता येईल का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काल दुपारची नक्कल सीडीवर हाय, कचरा काढायच्या आधीची," भुजंग म्हणाला.

"तेवढं एकच टेबल आणा," बाईंनी बजावलं. "चुकून सगळं आणलंत तर कालपासूनचं काम पुसलं जाईल. मी सांगते तसं लिहा. घाई करू नका."

भुजंग एकेक अक्षर उच्चारून लिहू लागला. काकासाहेबांना इंग्रजी आज्ञा कळत नव्हत्या, तरी तेही मागून ओठ हलवत होते. टेबल परत आलं. चलान छापायचं बटण दाबताना भुजंगने डोळे मिटले. उघडले तेव्हा प्रिंटर खरखरत होता. पहिला ट्रक फाटकाबाहेर पडल्यावर बदरोद्दीन म्हणाला, "चला. माझे टेबल बराबर हाईत," आणि निघून गेला.

भुजंगची नोकरी राहिली. पण असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून काकासाहेबांनी संध्याकाळीच सूचना टाइप करून फलकावर लावली : 'यापुढे मॅनेजरच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही कचरा काढू नये.'

दुसऱ्या दिवशी काकासाहेब आले तेव्हा ऑफिसात कालचे कागद, चहाचे कप आणि विड्यांची थोटकं तशीच पडलेली होती. झाडलोट करणाऱ्या गोजरबाई खराटा भिंतीला टेकवून पायरीवर निवांत बसल्या होत्या.

"गोजरबाई, झाडलं नाही अजून?"

"तुमची वाट पाहून राह्यले, साहेब. फळ्यावरचं भुजंगरावानं वाचून दावलं." त्यांनी पदराखालून कोरा कागद काढून पुढे केला. "तारीख टाका. अन् रोज एक देता का महिन्याचं एकदाच लिहून देता, तेबी सांगा."

काकासाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि उभ्याउभ्याच महिन्याभराची परवानगी लिहून दिली.