बिराजदार सरांकडं चुकायला जाताना

आमच्या बिराजदार सरांना बरोबर उत्तर आवडत न्हाय.

पोरानं गणित बरोबर सोडवून वही पुढं केली की सर असं तोंड करत्यात, जसं कुणी नवे कपडे घालून लग्नाला गेलं आन तितं जेवणंच उरकलेली. "हं. बरोबर हाय. पुढं." एवढंच. पण चुकलं की सर खुर्चीतनं उठलेच म्हणून समजा. "थांबा थांबा, पुसू नका! भाळ छलो!" भाळ छलो म्हंजे कानडीत लई चांगलं. मग खिडकी उघडायची, गल्लीपलीकडच्या मल्लिनाथ टेलरला हाक मारायची, "मल्लिनाथ, आलं बघा एक!" मल्लिनाथला गणितातलं काय बी कळत न्हाय. तो अंगठा वर करतो. मशीनवरचा पाय थांबवत न्हाय.

आन हे कौतुक सगळ्याच चुकांना न्हाय बरं का. सरांच्या लेखी चुका दोन जातीच्या. पोरं वर्षानुवर्षं करत आली ती शिळी चूक. तिच्याकडं सर ढुंकूनबी बघत न्हाईत. आन आजवर कुणालाच जमली न्हाय ती ताजी चूक. ताज्या चुकीला बक्षीस म्हणून शेंगापोळीचा, म्हंजे शेंगदाण्याच्या गोड पोळीचा, तुकडा.

ह्या शिकवणीत सगळ्यात जास्त शेंगापोळी कुणी खाल्ली असंल?

मी.

आता मी कोण ते सांगतो. मी सिद्राम. कुंभारी ते सोलापूर शेअर रिक्षा चालवतो. शाळा चौथीपतोर. पाचवीत गेलो न्हाय, कारण मास्तरांनी आमच्या वडलांना बोलावून सांगितलं, "ह्याला शेतात न्या, हितं उगं बाकडं अडतंय." वडील म्हणाले, बरं. घरी येताना ध्यानात आलं की आपल्याला शेतच न्हाय. तवापासनं मी आपला रस्त्यावर हाय.

लेक एकच, भाग्यश्री. आमी भागी म्हणतो. पोरगी हुशार. रिक्षाचं वायरिंग ती बघते. मी बॅटरी धरून उभा राहतो, आन तीबी चुकीच्या जागी धरतो म्हणून बोलणी खातो. तिला पॉलिटेक्निकला जायचंय, इलेक्ट्रिकल करायचंय. पण गणिताशी तिचं वाकडं. दहावीत सहामाहीला नापास झाली तवा दप्तर कोपऱ्यात फेकून म्हणाली, "पप्पा, मी बोर्डाला बसत नाही. आपणहून नापास व्हायला कोण जातं?"

मला वाटलं, माझ्यावर गेली. महादेवीनं, म्हंजे आमच्या मंडळींनी, तसं बोलूनबी दाखवलं. ती कडक भाकऱ्या करून हॉटेलांना देते. बोलते ती थापता थापताच, त्यामुळं तिचं एकेक वाक्य पाठीत बसल्यागत वाटतं. "अवं, नाक पोरीनं माझं घेतलं. डोकं तेवढं तुमचं कशाला घेतलं?"

मग एका पॅसेंजरबाईनं साखर पेठेतल्या बिराजदार सरांचं नाव सांगितलं. रिटायर मास्तर, घरीच शिकवत्यात. म्हणाली, "माणूस जरा इकडचा तिकडचा हाय, पण पोरं पास होत्यात."

गेलो. दारातच एक स्टीलचा डबा. चपला भाइर, खोडरबर डब्यात, असा नियम. भागीनं विचारलं, "सर, खोडरबर का?"

"पुरावा नष्ट करणं गुन्हा हाय," सर म्हणाले. बारीक शरीर, खांद्यावर टॉवेल, कपाळाला विभूती आन विभूतीवर खडूची भुकटी. कुटली कुटं संपते ते कळत न्हवतं.

मी किल्ली फिरवत म्हणालो, "येतो मग घ्यायला."

"कुटं निघाला? कुंद्री, कुंद्री." कुंद्री म्हंजे बसा. "माझ्याकडं पोरगं एकटं बसत न्हाय. घरातलं एक मोठं माणूस शेजारी बसायचं आन तेच गणित सोडवायचं. जमत नसंल तर गावात शिकवण्या लई हायत."

"सर, मी चौथी."

सरांचे डोळे असे चमकले! "चौथी? पास का नापास?"

"ते नक्की न्हाय."

"भाळ छलो! सिद्राम, तुमच्याकडनं मला लई आशा हाय."

जल्मात पैल्यांदा एका मास्तरानं माझ्याकडनं आशा धरली. मी काय उठतोय? बसलो.

आमच्या शेजारच्या चटईवर एक बँकेतले साहेब पोराला घेऊन बसायचे. त्यांची उत्तरं बरोबर यायची, म्हणून त्यांना कुणी विचारत न्हवतं. बिचारे.

पैलंच गणित वयाचं निघालं. बापाचं वय लेकीच्या अमुक पट, काही वर्षांनी तमुक पट, तर आज दोघांची वयं काढा. मी जीभ भाइर काढून, मान वाकडी करून सोडवलं. सरांनी वही उचलली आन त्यांचा टॉवेलच खाली पडला. "मल्लिनाथ! ओ मल्लिनाथ! बाप लेकीपेक्षा लहान निघाला!" पलीकडनं अंगठा. सरांनी मला विचारलं, "सिद्राम, ह्या बापाचं बारसं लेकीनंच जेवलं असंल न्हाय?" सगळी खोली हसली. भागी तर वहीत तोंड खुपसून हसत होती. मग तिनं माझी पेन्सिल ओढून घेतली. "पप्पा, हे बघा. ह्या बाजूचं त्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं. तुम्ही तसंच नेलं."

"का बदलतं?"

"का म्हंजे..." ती थांबली. डोकं खाजवलं. सरांकडं बघितलं. सर खिडकीभाइर बघायला लागले, जसं काय त्यांना ऐकूच आलं न्हाय. मग तिलाच हुडकून काढावं लागलं, आन मला कळंस्तोवर सांगावं लागलं. माझ्यासारख्याला कळंस्तोवर सांगायचं म्हंजे, तुमाला सांगतो, बोर्डाचा पेपर त्यापेक्षा सोपा.

पुढं त्रिकोणमिती आली. जहाजावरनं दीपगृहाचं टोक दिसतंय, उंची काढा. मी समुद्र बघितलेला न्हाय, आमच्याकडं तळ्यालाबी उन्हाळ्यात तळ दिसतो. तरी काढली. उत्तरात वजा आलं. मी खोडरबर हुडकायला लागलो तर तो डब्यात. आता काय करावं? इचार केला आन खाली लिवलं, "हे दीपगृह न्हवं, पाण्याची हीर हाय."

सर वही घेऊन गल्लीतच उतरले! टेलरला दाखवली, किराणावाल्याला दाखवली, एका अनोळखी मोटारसायकलवाल्याला थांबवून दाखवली. "वजा उंची म्हंजे हीर! अहो, हा माणूस चुकलाय खरा, पण चिन्हाचा अर्थ ह्याला कळलाय!" मला त्या दिवशी शेंगापोळी अख्खी मिळाली. घरी जाऊन महादेवीला सांगितलं तर म्हणाली, "लोक बरोबर येऊन नाव काढत्यात, तुमी चुकून काढा."

मी बी चढलो की मग. स्टँडवर रिक्षावाल्यांना वर्गसमीकरण सांगायला लागलो. पॅसेंजर उतरताना विचारायचे, "काय मास्तर, आज काय चुकलं?" एकदा सरांनाच रिक्षातनं बँकेत न्यायचं होतं. मी त्यांना भूमिती विचारण्याच्या नादात वळण सोडून पार भलतीकडं नेलं. दुसरा कुणी असता तर शिव्या घातल्या असत्या. सर मागनं खुशीत म्हणाले, "सिद्राम, बँकेला हिकडनं आजवर कुणी गेलं न्हाय! चालू द्या, चालू द्या!" बँक बंद झाल्यावर पोचलो.

असं सगळं मजेत चाललं होतं. भागी मला शिकवत होती, मी चुकत होतो, सर नाचत होते. आन पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. भागी गणितात परत नापास. थोडक्यात, पण नापासच.

ती रडली न्हाय. ते मला लई लागलं. नुसती म्हणाली, "मी सांगितलं होतं. पुरे आता. मी आईबरोबर भाकऱ्या करते." आन खरंच परातीपुढं जाऊन बसली. महादेवीचा हात थापता थापता थांबला. तो हात मी कधी थांबलेला बघितला न्हवता.

रविवारी सकाळी मी एकटाच सरांकडं गेलो, पोरगी येणार न्हाय म्हणून सांगायला. दार उघडंच होतं. सर मोबाईल तांब्याला टेकवून बसले होते. पलीकडं त्यांचा मुलगा, तिकडं कॅनडात असतो, बायको-पोरांसकट. मी उंबऱ्यातच थांबलो.

"जेवलास?"

"हो बाबा. तुम्ही?"

"हो. तब्येत?"

"बरी. तुमची?"

"बरी हाय."

"बाकी?"

"बाकी काय न्हाय. ठीक."

"ठेवू मग?"

"ठेव."

सरांनी मोबाईल उपडा घातला. मला बघितलं आन हसले. "बघितलं सिद्राम? सगळी उत्तरं बरोबर."

मी चटईवर बसलो. भागीचं सांगितलं. सर बराच वेळ टॉवेलनं हाताचा खडू पुसत राहिले. हाताला खडू न्हवताच.

मग म्हणाले, "माझं पोरगं दहावीत गणितात शंभरपैकी शंभर. कधी चुकलंच न्हाय. मी घरात गणिताचा मास्तर, आन त्यानं मला एक शंका विचारली न्हाय. त्याची आई होती तवा लोक म्हणायचे, नशीब काढलं. मीबी म्हणायचो. पेढे वाटले की. सिद्राम, मी मोठ्या माणसाला शेजारी बसवतो ना, सगळ्यांना वाटतं पोरांसाठी. पोरांसाठी हायच. पण तुमी चुकता, ती तुमची पेन्सिल ओढून घेती, डोक्याला डोकं लावून दोघं हसता... ते मला हितं खुर्चीवरनं दिसतं."

मी मान हलवून घरी आलो.

भागी पीठ चाळत होती. मी समजूत घालायची ठरवून आलो होतो, वाटेत भाषणबी जुळवलं होतं. पण तिला बघितल्यावर सगळं इसरलो. वही उघडून शेजारी फतकल मारली. म्हणालो, "भागे, हे श्रेढीचं मला काय केल्या येईना."

"सोडा की पप्पा. तुम्हाला कुठं परीक्षा आहे?"

"परीक्षा न्हाय. पण येईना म्हणून झोप येईना."

खोटं बोलायची गरजच न्हवती. मला खरंच येत न्हवतं. तिनं पिठाच्या हातानं वही ओढली, कपाळावर आठी घातली. "कुठं अडलं?" मी म्हणालो, "पैल्या ओळीत." ती हसली. मग श्रेढी झाली, मग वर्गसमीकरण झालं, भाकऱ्या तशाच राहिल्या, आन महादेवी जल्मात पैल्यांदा मला काय बोलली न्हाय. दुसऱ्या दिवशी भागी आपणहून रिक्षात येऊन बसली.

सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय जादू केली?"

"जादू कसली. मला येत न्हवतं, तिला विचारलं."

"तुमी तिला विचारलं," सर म्हणाले. "बापानं लेकीला विचारलं." आन परत दोनदा तेच म्हणाले, अगदी हळू.

बोर्डाला भागी बसली. पेपर देऊन आली तवा तोंडावरनं काय कळंना. निकालाच्या दिवशी मोबाईल तिच्या हातात, महादेवी देवापुढं, आन मी कागदावरनं चुकून दुसऱ्याच पोरीचा नंबर वाचून तिला नापास करून ठेवलेलं. भागीनं माझ्या हातातला कागद हिसकून बरोबर नंबर घातला. पास! गणितात पास, अन् काठावर न्हाय, चांगली पास. महादेवीनं मला पाठीत धपाटा घातला. खुशीचा होता. तरी जोरातच होता.

रविवारी सकाळी पेढे घेऊन मी आन भागी सरांकडं गेलो. सर हसले, भागीच्या डोक्यावर हात ठेवला, मल्लिनाथला हाक मारली, सगळं केलं. पण पेढा हातात तसाच धरून म्हणाले, "म्हंजे आता तुमचं हितं काय काम न्हाय."

तेवढ्यात मोबाईल वाजला. कॅनडा. सरांनी तांब्याला टेकवला. आमी उठायला लागलो तर हातानंच बसा म्हणाले.

"जेवलास?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"तब्येत?"

सरांनी उत्तर द्यायच्या ऐवजी शेजारचं पुस्तक ओढलं. मुलगा तिकडं कान टवकारून, "बाबा? ऐकू येतंय?"

"येतंय. अरे, एक इचारू? तुला येळ असंल तर." सरांनी पुस्तक उघडून मोबाईलपुढं धरलं. "वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूतनं दोन स्पर्शिका काढल्या, तर त्या सारख्या का? मला हे शिकवताना आजकाल अडाय लागलंय रे. येईना झालंय."

मुलगा आधी नुसता बघत राहिला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आन त्याचं तोंड मोबाईलमधी एकदम मोठं झालं. "थांबा बाबा. कागद घेतो. तुम्ही पण घ्या. आता केंद्रापासनं बिंदूपर्यंत एक रेघ काढा..."

मी बघतच राहिलो. ते गणित सरांना येईना? अहो, सरांनी ते इतक्यांदा शिकवलंय की आता ते मलासुद्धा येतं! मी तोंड उघडलं, सांगणारच होतो.

भागीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी गपकन बसलो.