गुरुजी चौकशीला येतात

डॉक्टर संघर्ष कांबळ्यांची अकरा स्थळं बोर्ड वाचून परत गेली होती. बोर्ड कोल्हापूरच्या शाहूपुरीत, जिन्याच्या तोंडाशीच: ‘पुरुषांचे लैंगिक व हार्मोनचे विकार’. मुलीकडचे तो वाचायचे आणि वर न चढताच स्टँडची रिक्षा धरायचे. दोन हजार एक साल होतं. बारावं स्थळ कागलच्या दीक्षाचं. पोरीला डॉक्टर पसंत. डॉक्टरांना पोरगी इतकी पसंत की आठवडाभर औषधाच्या चिठ्ठीवर तारखेच्या जागी तिचं नाव पडत होतं. अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. रिटायर झालेले आकाराम गुरुजी म्हणाले, “जागा बघतो, मग बोलतो.” आणि एका सकाळी न कळवता येऊन थडकले.

आत सात माणसं सात पेपरांमागं बसलेली. बाकावर बसून शेजाऱ्याचं गाव विचारायचं नाही, अशी सबंध जिल्ह्यात ही एकच जागा. एकाचा पेपर उलटा होता, तरी तो मन लावून पानं चाळत होता.

नर्स तानूबाईंनी गुरुजींच्या हातात आठ नंबरचा बिल्ला ठेवला.

“मी पेशंट न्हवं, बाई. चौकशीला आलोय.”

“हितं समदी चौकशीलाच येत्यात, पावणं. बसा.”

“पोरीच्या लग्नाचं हाय.”

“काल एकजण भावाचं म्हणून आलता. परवाचा तर शेजाऱ्यासाठी रगात देऊन गेला. हात पुढं करा.”

चाळीस वर्षं पोरांना ‘हात पुढं कर’ म्हणणाऱ्या गुरुजींनी सवयीनं हात पुढं केला. सुई टोचली तसे ते कळवळले. त्या आवाजासरशी एक पेपर खाली आला. मागं त्यांच्याच गल्लीतला बाळासो.

“गुरुजी? तुमी बी?”

“मी पोरीच्या स्थळासाठी आलोय. तू?”

“मी... म्हशीसाठी,” बाळासो म्हणाला आणि पेपर पुन्हा वर गेला.

पुढचे सात नंबर आटोपले, बाळासो रिपोर्टासाठी बाकावरच थांबला आणि आठ नंबर आत गेला.

“बसा काका,” डॉक्टर म्हणाले. “हितं लाजायचं न्हाय. त्रास कधीपास्नं हाय?”

“मी दीक्षाचा बाप.”

डॉक्टर ताडकन उभे राहिले. गुरुजींच्या कोपरावरचा कापूस बघून बाहेर काय झालं ते त्यांना कळलं, आणि बारावं स्थळ जिना उतरताना डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

गुरुजी उठून दारापाशी गेले. डॉक्टरांनी डोळे मिटले. कडी वाजली. पण ती आतून लागली होती.

“एक सांगा,” गुरुजी हळूच म्हणाले. “समजा लगीन झालं. मग मी दर म्हैन्याला हितं आलो, तर लोक काय म्हणतील?”

“सासरा जावयाला भेटाय आला म्हणतील.”

“तेवढंच?”

“दुसरं काय म्हणणार?”

गुरुजी परत खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला.

“मग तारीख काढा लग्नाची. आता माझं ऐका.”

अर्ध्या तासानं ते हसत बाहेर आले आणि बाळासोला म्हणाले, “डॉक्टर आमचं जावई झालं बरं का.”

बाळासोनं पेपराची शांतपणे घडी घातली, जरा विचार केला आणि तानूबाईंच्या टेबलाकडं सरकला.

“बाई, डॉक्टरास्नी ह्याच लाईनीतला एखादा भाऊ हाय का? आमची बी पोरगी लग्नाची हाय.”