देवरावजी आणि मागचं वजन

आमचे शेजारी देवरावजी भेटले की नमस्कार करत नाहीत, वजन सांगतात. "बाहत्तर," माझ्याकडे खालून वर बघत ते म्हणतात, "दिवाळीपासून दोन वाढले, मास्तर." आणि चालू लागतात. एकदा चिडून मी दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो. बाहत्तरच भरलो. नालवाडीतल्या काही बायका देवरावजी दिसले की रस्ता बदलतात, ते काही उगाच नाही.

हा नाद त्यांना ट्रॅक्टरनं लावला. ट्रॅक्टर छोटा, त्याला ते 'लहान्या' म्हणतात. हौसेनं त्याला पुढे माल उचलायचा लोडर बसवून घेतला, आणि पहिल्याच दिवशी ओल्या शेणखतानं भरलेली बकेट वर नेली तशी लहान्यानं मागची चाकंच जमिनीवरून उचलली. देवरावजी वर बसलेले होते. तेव्हापासून ते एकच गोष्ट सांगत फिरतात. "पुढं वजन उचलाचं तं मांगं वजन पायजे. आन् बकेट गुडघ्याच्या वर न्याची नाई."

मग मागे लोखंडी पेटी आली. तिच्यात गोटे, फुटक्या जात्याच्या तळ्या आणि कोणाच्या तरी शिलाई मशीनचा बिडाचा पाय. एवढ्यानं भागेना म्हणून मागच्या चाकांत पाणी भरून घेतलं. उन्हाळ्यात नळ आला नाही की माझी बायको म्हणते, "जा, देवरावजींच्या चाकातून दोन गुंड पाणी घेऊन या." देवरावजींना यात विनोद दिसत नाही. त्या दिवशी ते खाट टाकून ट्रॅक्टरपाशीच बसतात.

सेवाग्रामला जायचं असलं की एसटीत पुढे जागा असूनही हे मागच्या बाकावर. "डायवर पाह्यला का? नव्वदच्या खाली नाई तो."

इकडे बाकीचे लोक पेटीबिटीच्या भानगडीत पडत नाहीत. मागे दोन जाडजूड माणसं बसवतात आणि माल उचलतात. गेल्या वर्षी देवरावजींनीही तेच केलं. सिमेंटची टाकी उचलायची होती, गोटे भरायचा कंटाळा आला, म्हणून साळ्याला मागे बसवलं. साळा पंच्याण्णव किलोचा, अगदी भरवशाचा माणूस. पण टाकी वर गेली आणि त्याचा फोन वाजला. रेंज मिळेना म्हणून तो उतरून बांधावर गेला. लहान्यानं तोंड जमिनीत खुपसलं, देवरावजी स्टेअरिंगवर आपटले आणि दोन बरगड्या मोडून घेतल्या. "दोनच मिनिटं तं गेलतो मी," साळा आजही सांगतो.

त्या बरगड्यांपायी प्रफुल्लनं ट्रॅक्टर विकायचं काढलं. प्रफुल्ल हा देवरावजींचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. आई वारली तेव्हापासून बाप घरात एकटा, म्हणजे पोराची काळजीही खरीच होती. बरीच भांडाभांडी होऊन ठरलं ते असं : रविवारी प्रफुल्ल गिऱ्हाईक घेऊन येणार. त्यांच्यासमोर देवरावजींनी जड माल नीट उचलून दाखवला तर ट्रॅक्टर राहील, नाहीतर चावी गिऱ्हाइकाच्या हाती. माल माझ्याच अंगणात पडलेला होता. वादळात कडुनिंब कोसळला होता, त्याचं खोड.

देवरावजींनी तीन दिवस तयारी केली. रद्दीवाल्याचा काटा आणला, पेटीतला एकेक गोटा तोलला, आणि आकडे लिहून घ्यायला मला बसवलं. निवृत्त मास्तराला यापेक्षा वाईट काम कोणी दिलं नसेल.

रविवारी अर्धी नालवाडी जमली. देवरावजींनी खोडाखाली बकेट घातली, हळूच वर घेतली, आणि मागची चाकं किंचित हलली. आम्हाला दिसलंही नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी खोड अलगद खाली ठेवलं.

"अख्खं नाई जमत," ते म्हणाले. "तीन तुकडे करा लागते." गिऱ्हाईक गालातल्या गालात हसलं.

बापाचा उतरलेला चेहरा प्रफुल्लला पाहवला नाही. "तुकडे काऊन करता? मी बसतो नं मांगं," असं म्हणून तो पेटीवर चढून बसलासुद्धा. देवरावजींनी इंजिन बंद केलं.

"उतर."

"बाबा, मी काई मामा नाई. फोनसुद्धा घरी ठेवून आलो."

"उतर म्हणतो नं."

"एका मिनिटाचं काम आहे, बाबा. उचला, झालं. ट्रॅक्टर तुमचा."

देवरावजी खाली उतरले. चावी काढली आणि सरळ गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली. "घेऊन जा. विकला. फक्त पोरगा खाली उतरला का मंगच चालू करजा."

प्रफुल्ल पेटीवरूनच ओरडला, "तुमच्यासाठीच बसलो नं मी! तुमाले काई झालं तं पुण्याहून मी पोचन कधी, या भेवानं विकून राह्यलो होतो. नाईतं मले काय करा लागते हो तुमच्या ट्रॅक्टरचं?"

"आन् चाकाखाली येऊन तुले काई झालं तं?" देवरावजी म्हणाले. "मंग मी कोनासाठी राहू?"

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला. इतकी वर्षं ज्या माणसाची मी टिंगल केली तो माझ्या अंगणात उभा राहून रडत होता, आणि मला माझीच लाज वाटली.

प्रफुल्ल उतरला. गिऱ्हाइकानं चावी सीटवर ठेवली, मोटरसायकलला किक मारली आणि चहासुद्धा न घेता निघून गेलं. करवत प्रफुल्लनंच चालवली. हाताला फोड आले तरी त्यानं तिन्ही तुकडे स्वतःच कापले. ते रस्त्याच्या कडेला नेऊन टाकताना देवरावजी दर फेरीला मागे वळून ओरडत होते, "दूर राह्य बे, दूर राह्य!" प्रफुल्ल "हो बाबा" म्हणायचा आणि दहा पावलं अंतर ठेवून ट्रॅक्टरच्या मागे चालत राहायचा. त्याची पुण्याची गाडी केव्हाच सुटून गेली होती.