उभेपणाच्या समन्वयक

"आधी वाळूची पिशवी, मग क्रूसाची खूण. क्रम उलटा केलास तर देवाला दोघांचं काम करावं लागतं, आणि तो बिचारा आधीच एकटा आहे."

हा आवाज डॉन नाबोर यांचा. कासिल्दाचे हे काका देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण रोज सकाळी ती चार नंबरच्या फ्लोअरवर पाऊल टाकायची तेव्हा त्यांचा आवाज वेळेवर हजर असायचा. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या त्या स्टुडिओत वेळेवर हजर असणारी तेवढीच एक गोष्ट होती.

काकांनी तिला दिवे बांधायला शिकवलं. स्टँडला पाय तीन: एक उंच, एक मधला, एक बुटका. दिव्याचा आडवा दांडा ज्या बाजूला झुकतो, उंच पाय त्याच बाजूला. पिशवी त्याच उंच पायावर टांगायची, आणि ती जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली की ती वजन उरत नाही, नुसती अडगळ होते. कासिल्दाने हे जपमाळेच्या प्रार्थनेबरोबरच पाठ केलं होतं. पहाटे जपमाळ, शुक्रवारी मांस वर्ज्य, डिसेंबरात संत लुसियेचे नऊ दिवस आणि दिव्याखाली पिशवी, एवढे तिचे नेम. ते तिने कधी मोडले नव्हते.

मोडला तो एकदाच, आणि तोही नेमका मिस्साच्या वेळी.

'शपथ तुझ्या अंगठीची' या नव्या मालिकेच्या शुभारंभाचा मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची प्रार्थना, रिवाजाप्रमाणे फ्लोअरवरच झाला. फादर क्रेसेन्सिओ यांनी कॅमेऱ्यांवर, क्लॅपवर, नायिकेवर आणि खलनायिकेच्या सोफ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. फोटो काढायला पत्रकार आले होते. ठिगळं लावलेल्या, मळकट वाळूच्या पिशव्या फोटोत वाईट दिसतात असं कोणीतरी कोणालातरी म्हणालं, आणि त्या कोणीतरी सोफ्यामागे नेऊन टाकल्या. पवित्र पाण्याची बादली धरून उभ्या असलेल्या कासिल्दाने ते पाहिलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न, असं तिला वाटलं.

तिसऱ्या मिनिटाला एक स्टँड दिव्यासकट वाकला आणि एखाद्या मान्यवराने खुर्चीत बसावं तसा, अगदी सावकाश, मिस्सानंतरच्या जेवणासाठी आणलेल्या मोलेच्या हंड्यात बसला. तो काळाभोर, मिरची-चॉकलेटचा रस्सा फादरांच्या पांढऱ्या झग्यापासून निर्मात्याच्या भुवयांपर्यंत सगळीकडे समान वाटला गेला. हंड्यापासून हातभर अंतरावर डोन्या एर्मेलिंदा बसल्या होत्या. मालिकेतली आजी त्याच, आणि कासिल्दाची बाप्तिस्म्याची धर्ममायही त्याच. त्यांनी गालावरचा मोले बोटाने पुसून चाखला.

"तीळ कमी पडलेत," त्या म्हणाल्या. "आणि फादर, आशीर्वाद जरा बेतानं देत चला."

चौकशी समिती नेमली गेली. स्टँड का पडला हे समितीतल्या सातही जणांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अहवालात घालणं त्यांना कमीपणाचं वाटलं. तीन आठवड्यांच्या सखोल अभ्यासानंतर निष्कर्ष निघाला: 'सदर स्टँडने पडण्यापूर्वी उपस्थितांना कोणतीही सूचना दिली नाही.'

उपाय उघड होता. प्रत्येक स्टँडच्या शेंड्यावर, लांबूनही दिसेल असा पत्र्याचा पिवळा फलक बसवण्यात आला: 'सावधान! हा स्टँड पडू शकतो.' याची अंमलबजावणी बघायला एक पद निर्माण झालं, आणि त्यावर कासिल्दाची नेमणूक झाली. उभेपणाच्या समन्वयक. नारिंगी जाकीट आणि शिट्टी मिळाली. तिच्या आईने जाकिटातला फोटो चौकटीत घालून ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीशेजारी टांगला. खरं सांगायचं तर कासिल्दालाही ते जाकीट आरशात पाहून बरं वाटलं होतं.

आठवड्याभरात एसीच्या वाऱ्यावर फलक शिडासारखे फुगू लागले आणि स्टँड डोलू लागले. कासिल्दा निर्मिती व्यवस्थापकांकडे गेली. त्यांचं नाव उरूतिया. पण ते पदवीधर असल्यामुळे रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना 'लिसेन्सियादो' म्हणत.

"लिसेन्सियादो, फलकांनी डोकं जड झालंय."

"गोळी घ्या."

"माझं नाही, स्टँडांचं. खाली पिशव्या लागतील."

"कासिल्दाबाई, मला काय कळत नाही?" लिसेन्सियादो दुखावले. "माझ्या गच्चीवरच्या छत्रीला मी स्वतः दोन पिशव्या बांधल्यात. चांगल्या गच्च."

"मग इथे?"

"गच्ची माझी आहे," ते म्हणाले. "फ्लोअर संस्थेचा आहे."

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी पिशव्यांचा विषय वर पाठवला. वरून विचारणा झाली की वाळूची पिशवी कोणत्या विभागाकडे येते. पिशवी कापडाची म्हणून कपडेपट, वाळू बांधकामाची म्हणून नेपथ्य आणि वजन उचलावं लागतं म्हणून वाहतूक, असे तीन विभाग ठरले. कपडेपटाने रिकाम्या पिशव्या द्यायची तयारी दाखवली. नेपथ्याने मोकळी वाळू द्यायची तयारी दाखवली. वाहतूक विभाग म्हणाला, भरलेली पिशवी दाखवा, लगेच उचलतो. पण वाळू पिशवीत भरायची कोणी, याला विभागच नव्हता. दरम्यान, सोफ्यामागे पडलेल्या जुन्या पिशव्यांना एक हिशेबनीस अडखळला. त्यामुळे त्या 'धोकादायक वस्तू' ठरून कुलपात गेल्या.

कासिल्दाने एकदा घरून बाजाराच्या थैलीत वाळू आणली. फाटकावरच्या रखवालदाराने थैली उघडली.

"हे काय, सेन्योरा?"

"वाळू."

"कशासाठी?"

"वजनासाठी."

"कुणाचं वजन?"

थैली 'बेवारस वजन' म्हणून जप्त झाली. पुन्हा असं केल्यास जाकीट परत घेण्यात येईल अशी समजही मिळाली.

तोवर तात्पुरती सोय म्हणून प्रत्येक स्टँडला एक माणूस देण्यात आला: स्टँडधारक. धारकांना हेल्मेट दिली. ती कॅमेऱ्यात चमकायला लागली, म्हणून त्यांवर काळं कापड आलं. कापड बांधलेले अकरा पुरुष दृश्यात दिसायला लागले, म्हणून लेखकाने त्यांना नोकर केलं. कर्जापायी हवेली गमावलेल्या कुटुंबाच्या एका खोलीत आता अकरा नोकर खांब धरून निश्चल उभे असत. प्रेक्षक ढसाढसा रडले. मालक कंगाल झाला तरी एकही नोकर सोडून गेला नाही, असं आता कुठे बघायला मिळतं? मालिकेची लोकप्रियता वाढली.

मग सुरक्षा समितीच्या लक्षात आलं की पडणाऱ्या स्टँडच्या सर्वांत जवळ धारकच असतो. त्याच्या जिवाला जपायला हवं. नवा नियम आला: धारकाने स्टँडपासून किमान दोन मीटर अंतरावर राहून स्टँड धरावा.

"दोन मीटरवरून धरायचा कसा?" कासिल्दाने बैठकीत हळूच विचारलं.

"नजरेने," अध्यक्ष म्हणाले. सचिवांनी लिहून घेतलं: 'नजरेने धरावा.'

अशा प्रकारे सर्व काही सुरळीत चालू असताना आजीच्या मरणाचा शुक्रवार जवळ आला.

दृश्य मोठं होतं. मधोमध पलंग, पलंगावर डोन्या एर्मेलिंदा आणि त्यांच्या डोक्यावर बरोबर आडव्या दांड्याला लटकलेला सगळ्यांत मोठा दिवा. स्वर्गाचा प्रकाश. दिग्दर्शकाला तो जवळ हवा होता, कारण स्वर्ग लांब ठेवला तर सुरकुत्या दिसत नाहीत. बुधवारी तालीम झाली. दिवा डोलत होता, फलक कुरकुरत होता आणि दोन मीटरवरून एक धारक त्याच्याकडे डोळे फाडून बघत होता.

तालमीनंतर डोन्या एर्मेलिंदांनी कासिल्दाला पलंगाशी बोलावलं.

"पोरी, मी या धंद्यात आगीत मेले, क्षयानं मेले, लेकाच्या लग्नात विष पिऊन मेले. एकदा तर जुळ्या बहिणीच्या हातून मेले, आणि ती बहीणही मीच होते. पण दरवेळी दिग्दर्शक म्हणाला तेव्हाच मेले. त्याच्या आधी एक सेकंद नाही."

"ठाऊक आहे, माय."

"या दिव्याला ते ठाऊक आहे का?"

कासिल्दाने वर पाहिलं. दिवा मान हलवत होता. नाही म्हणत होता.

"काम सोडा ना, माय. आजारी आहे म्हणा."

"अगं, आजारीच तर दाखवलंय मला! एवढं मोठं मरण या वयात परत कोण लिहिणार माझ्यासाठी?" म्हातारीने तिचा हात धरला. हात गार होता, पकड घट्ट होती. "तुला पाण्यावर धरलं होतं मी, तेव्हा तू सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी रडलीस. मी तुला पडू दिलं का?"

"नाही, माय."

"मग मलाही शब्द दे."

"शुक्रवारी तुम्ही दिग्दर्शकाच्या शब्दावरच मराल," कासिल्दा म्हणाली. "शब्द दिला."

शब्द देणं सोपं होतं. जाकिटाचे खिसे तिने चाचपले. त्यात शिट्टी होती.

गुरुवारी लिसेन्सियादोंनाही झोप लागली नसावी. त्यांनी फादर क्रेसेन्सिओंना बोलावलं आणि बाजारातून संत लुसियेच्या प्लास्टरच्या मूर्ती मागवल्या, प्रत्येक स्टँडला एक. हातात आपलेच डोळे ताटलीत घेऊन उभी असलेली, दृष्टीची आणि उजेडाची राखणदार. गुडघ्याएवढ्या, सुरेख रंगवलेल्या मूर्ती.

"ठेवायच्या कुठे?" लिसेन्सियादोंनी विचारलं. "स्टँडच्या पायाशी?"

"छे, छे! संत पायदळी येईल," फादर म्हणाले.

"मग वर, फलकाशेजारी?"

"वर दिवा तापतो," कासिल्दा हळूच म्हणाली. "प्लास्टर तडकेल. या उंच पायाला टांगू या. जमिनीला टेकणार नाही, पायदळीही येणार नाही."

सर्वांना ही सूचना फार भक्तिपूर्ण वाटली. कासिल्दाने मूर्ती टांगायला उचलली आणि थबकली. मूर्ती कागदासारखी हलकी होती. तिने बोटाने वाजवून पाहिली. टक, टक. आत काहीच नव्हतं. खाली तळाशी मुठीएवढं भोक होतं. याच साच्यात बाजारवाले पैशाचे गल्लेही काढतात.

फादरांनी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. समितीने ठराव केला की मूर्तींना तपासणीसाठी हात लावणं, त्या हलवणं किंवा उचलून पाहणं श्रद्धेला धरून होणार नाही. मग लिसेन्सियादोंनी शुक्रवारच्या यशाचा अहवाल गुरुवारीच लिहून घेतला: काही पडलं नाही तर श्रेय फलकांचं; पडलं तर इच्छा वरच्याची. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. स्टँडही हलकेच होते.

हसू नका. तुमच्या गाडीत समोर देव बसवलेला आहे, त्याला रोज फूलही वाहता. खालचे टायर शेवटचे कधी बघितले?

फादर झगा आवरून निघाले तेव्हा कासिल्दा त्यांना दारापाशी गाठून म्हणाली, "फादर, एक विचारू? संताच्या पोटात काही भरलं तर पाप लागतं का?"

"काय भरणार?"

"वजन."

फादरांनी झग्याच्या बाहीकडे पाहिलं. मोलेचा डाग तीन धुण्यांनंतरही गेला नव्हता.

"मुली," ते म्हणाले, "आमच्या चर्चमधले सगळे संत गेली कित्येक वर्षं त्याचीच वाट बघतायत."

शुक्रवारी पहाटे कासिल्दाने जपमाळ संपवली, आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि सगळ्यांच्या आधी स्टुडिओत आली. नारिंगी जाकीट तिने खुर्चीच्या पाठीवर टांगलं. ते खसखस वाजायचं. मग स्वयंपाकघरातलं नरसाळं, भोकं बुजवायला चिंध्या आणि पवित्र पाण्याची ती बादली घेतली.

चार नंबरच्या शेजारी दोन नंबरचा फ्लोअर. तिथे नायक-नायिकेच्या मधुचंद्रासाठी अकापुल्कोचा समुद्रकिनारा उभा केला होता, दोन ट्रक खऱ्या वाळूचा. ती वाळू दृश्यात होती, वजनात नव्हती. म्हणून तिला कोणाची हरकत नव्हती.

दारावर तोच रखवालदार पेंगत होता. त्याने बादलीकडे पाहिलं, नरसाळ्याकडे पाहिलं.

"सकाळी सकाळी कुठे, सेन्योरा?"

"किनाऱ्यावर."

"चांगलंय. मजा करा," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

कासिल्दाने दारात चपला काढल्या, नवस फेडायला जाताना काढतात तशा, आणि काकांनी सांगितलेला क्रम मनात एकदा म्हणून घेतला. आधी वाळू, मग क्रूस. मग ती अनवाणी, आवाज न करता, ताडाच्या खोट्या झाडांखालून वाळूकडे चालू लागली.