समजल्यामुळे नामंजूर

सन २००१ च्या मार्चमध्ये नाशिकच्या एका महाविद्यालयात शुभांगीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. विषय होता एका ग्रीक शोकांतिकेतलं स्त्री-पुरुषांचं भिन्नत्व. नाटकातला राजा राजकन्येला स्वतःच्याच मापाने मोजतो आणि कमी भरली म्हणून शिक्षा देतो. वास्तविक ती कमी नसते, वेगळी असते, तिची भाषाही वेगळी असते, असं तिने सात वर्षं खपून मांडलं होतं. पदवी मिळाली तर प्राध्यापकीत कायम, नाहीतर वर्षअखेरीस घरी.

समितीत तिघे पुरुष. रिवाजाप्रमाणे कचोरी आणि चहा उमेदवाराकडून.

"वेगळेपण आम्हाला मान्यच आहे, मॅडम," बशी पुढे करत बाहेरगावचे परीक्षक म्हणाले. "म्हणून तर चहाचं तुमच्याकडे. हं, बोला आता."

शुभांगी वीस मिनिटं शांतपणे, मुद्देसूद बोलली.

"समजलं का हो?" अध्यक्षांनी परीक्षकांना विचारलं.

"शब्दन् शब्द."

"मलाही. इथंच घोटाळा झाला." अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाईची भाषा पुरुषाला कळत नाही, हा यांचा सिद्धान्त. आपण तिघे पुरुष. तिघांनाही कळलं. मग सिद्धान्त राहिला कुठे?"

"सर, कळत नाही असं मी म्हटलेलं नाही. ऐकून घेत नाहीत, असं म्हटलंय."

"हेही समजलं," परीक्षकांनी नोंद केली.

शेरा पडला: 'उमेदवाराचे म्हणणे पूर्णतः समजल्यामुळे प्रबंध नामंजूर. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा.'

नवरा जीवन अंबडच्या कारखान्यात माल तपासायचा. तो म्हणाला, "आमच्याकडे कसं, तपासणारा बोलतो, माल बोलत नाही. तू गप्प बस ना बाई एकदा."

शुभांगी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग सराव म्हणून तेच चालू ठेवलं.

फेरपरीक्षेत तिने तोंड उघडलं नाही. तिच्या मौनाचा अर्थ तिचे मार्गदर्शक उपेंद्र सर यांनी पाऊण तास उलगडून सांगितला. समितीला काहीही समजलं नाही. पदवी एकमताने मंजूर झाली. अहवालात 'स्त्रीच्या स्वतंत्र आवाजाचा प्रभावी आविष्कार' अशी प्रशंसा होती.

नोकरी कायम झाली. अट एकच: उमेदवाराचं म्हणणं कुणाही पुरुषाला समजल्याचं आढळल्यास पदवी रद्द होईल. तेव्हा पुरुष वाचकांना विनंती, की वरचं काही समजलं असल्यास कुठे दाखवू नये. वेगळं काही करायचं नाही. आपापल्या घरी रोज वागता तसंच वागावं.