नव्वद ग्रॅमची तूट

आमच्या इमारतीच्या पाककला स्पर्धेच्या नियमावलीत यंदा एक कलम वाढलं : पाककृती ग्रॅममध्येच हवी, अन्यथा स्पर्धक बाद.

आईचा केक ओव्हनमध्ये असला की वरच्या मजल्यावरची मंडळी काही काम नसताना जिना उतरतात. पण तिचं माप म्हणजे कान तुटलेला एक कप. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपणहून कशात तरी नाव दिलं होतं, त्यामुळे कपाचे ग्रॅम करणं भाग होतं.

हे कार्य बाबांनी अंगावर घेतलं. बाबा कचेरीत हेडक्लार्क आहेत. घरी ते हेडक्लार्क नाहीत, हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. तत्काळ समिती नेमण्यात आली. बाबा अध्यक्ष, काका सचिव. आई निमंत्रित सदस्य, म्हणजे चहा तिनं करायचा. मी निरीक्षक, म्हणजे गप्प बसायचं. ते मला जमत नाही, याची रीतसर नोंद झाली.

बाबांनी कपभर पाणी तोललं. दोनशे ग्रॅम.

"ठरलं! एक कप म्हणजे दोनशे ग्रॅम. कशाचाही."

"बाबा, मैदा पाण्यापेक्षा हलका असतो. सातवीलाच शिकवतात हे!"

"कप बदलला का?"

"नाही, पण..."

"मग वजन कसं बदलेल?"

"बिनतोड!" काका म्हणाले.

आईनं कपभर मैदा काट्यावर ओतला. आकडा एकशे दहावर थांबला. मला वाटलं, जिंकलो! बाबांनी सावकाश चष्मा पुसला.

"नव्वद ग्रॅमची तूट. मैदा कमी भरतोय."

"अहो, मैदा असाच असतो."

"म्हणजे इतकी वर्षं तू आम्हाला अपुऱ्या मैद्याचा केक खाऊ घालत होतीस?"

"वहिनी," काकांनी मान हलवली, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तूट भरून काढण्यात आली. ओव्हनमधून जे बाहेर आलं त्यात सुरी रुतली आणि तिथेच राहिली. काकांनी त्यावर बोटानं ठोकून पाहिलं, तर शेजारच्या काकूंनी "आले, आले" म्हणत आपलं दार उघडलं.

आईही हट्टाला पेटली. स्पर्धेत तिनं दोन केक मांडले, एक समितीचा आणि एक कपाचा. कपाचा केक ग्रॅमअभावी बाद झाला. बाद माल टेबलावर राहू नये म्हणून तिन्ही परीक्षकांनी तो जागीच संपवला आणि बोटं चाटत पहिला क्रमांक समितीच्या केकला दिला. त्याची चव घेण्याची गरज पडली नाही. मापं कागदाशी तंतोतंत जुळत होती. आईच्या वतीनं बक्षीस बाबांनी स्वीकारलं.

पाककृती छापून घरोघर वाटली गेली. आईनं कप धुऊन सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. आता केक कर म्हटलं की शांतपणे म्हणते, "कागद आहे ना तुमच्याकडे?"

जिन्यात हल्ली वास येत नाही. घराघरांतून नुसती टकटक येते आणि पाठोपाठ एकच वाक्य : "आजकाल मैदाच चांगला मिळत नाही."

तुम्ही मघापासून बाबांना हसताय ना? हसा. पण रविवारी तुमच्याकडूनही टकटक ऐकू आली होती. मी दार उघडून पाहिलं, कुणीच नव्हतं. नुसता तुमचा आवाज येत होता, मैद्याला शिव्या घालणारा.