भरदुपारचा मंगळ

मंगळ पृथ्वीच्या जवळ आला, त्यात प्रभुलिंग मास्तरांचा फायदा दहा गुणांचा होता. विनंती बदलीच्या यादीत त्यांचे एकसष्ट गुण झाले होते आणि कोल्हापुरातल्या कसबा बावड्याची शाळा मिळायला सत्तर लागत. चंदगड तालुक्यातल्या काजूमाळच्या एकशिक्षकी शाळेत सात पावसाळे काढल्याचे गुण मिळून चुकले होते. बायको शिवांजली बावड्यात शिक्षिका, त्याचेही मिळाले होते. पोटची पोर ओळखत नाही, याला मात्र गुण नव्हते. शनिवारी यस्टीने हाडे खिळखिळी करून मास्तर घरी पोचले, की चार वर्षांची क्रांती दार उघडायची आणि आत वळून ओरडायची, "आई, पावणं आलं!"

अशात २००३ साली शिक्षण विभागाने ‘अंतराळातून प्रेरणा’ हे अभियान काढले. जो शिक्षक प्रेरित होईल त्याला दहा गुण. एकसष्ट आणि दहा एकाहत्तर. मास्तरांनी बेरीज दोनदा केली आणि प्रेरित व्हायचे ठरवले.

कोल्हापुरात तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. पहिल्या दिवशी अग्निबाण, दुसऱ्या दिवशी उपग्रह आणि तिसऱ्या दिवशी प्रवासभत्त्याचा फॉर्म. सर्वांत जास्त शंका तिसऱ्या दिवशी विचारल्या गेल्या. प्रेरित झाल्याचे प्रमाणपत्र झोपलेल्यांनाही मिळाले. मास्तरांचे दुर्दैव असे की ते खरोखरच थोडेसे प्रेरित झाले. मार्चातल्या एका संध्याकाळी त्यांनी तेवीस पोरे शाळेच्या पटांगणात उताणी झोपवली आणि वर बघा म्हणाले. काजूमाळात वीज असून नसल्यासारखी, त्यामुळे आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेले.

"गुर्जी, चंद्रावर पाऊस पडतोय?" दुसरीतल्या दानेश्वरीने विचारले.

"नाही."

"आजाबात न्हाय?"

"एक थेंब नाही."

निम्मा वर्ग तिथल्या तिथे जायला तयार झाला. मास्तरांनी हे सगळे अहवालात लिहिले. विवरणपत्रात तसा रकाना नसल्याने अहवाल परत आला.

जूनमध्ये, पहिल्या मुसळधारेबरोबरच, शाळेला मंगळ पाहण्यासाठी दुर्बीण मिळाली. सोबत सूचना होती : दुर्बीण ही जड वस्तू नोंदवहीतील बाब असून तिला ओरखडा गेल्यास वसुली पगारातून होईल. मास्तरांनी ती कपाटात ठेवली आणि महिन्याचा अहवाल पाठवला. निरीक्षण : ढग. जुलैत ढग. ऑगस्टात, मंगळ सगळ्यांत जवळ आला तेव्हा, अतिशय दाट ढग. सप्टेंबरात पंचायत समितीचे पत्र आले : "सदर ढगांबाबत आपण आपल्या स्तरावर काय कार्यवाही केली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. अन्यथा आपण प्रेरित नाही असे समजण्यात येईल."

मास्तरांनी खुलासा केला की ढग गोव्याच्या बाजूने येतात व ते आपल्या कार्यक्षेत्राबाहेर आहेत. हा खुलासा मान्य झाला. मात्र विस्तार अधिकारी दसऱ्यानंतर समक्ष येऊन मंगळ पाहतील, असे कळवण्यात आले.

मध्ये खंडेनवमी आली. पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बायडाबाईंनी रीतीप्रमाणे शाळेची घंटा, तराजू, खिचडीचे पातेले आणि उलथने मांडून पूजा केली. त्यात दुर्बीणही होती. बाकीच्यांना हळदकुंकवाचे एकेक बोट. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाला मात्र त्यांनी पाची बोटांनी तेलात कालवलेले कुंकू लावले.

"बायडाबाई, हे काय केलंत?"

"आवं, समद्यात म्हागाचं हत्यार त्ये. त्याला एका बोटावर भागवू व्हय?"

पुसावे तर ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे वसुली. मास्तरांनी भिंग पुसण्याची परवानगी मागणारे पत्र लिहिले. उत्तर यायच्या आधी साहेब आले.

विस्तार अधिकारी गणपतराव सकाळी अकराला जीपमधून उतरले. अंधार पडायच्या आत त्यांना घाट उतरायचा होता.

"हं मास्तर, दाखवा मंगळ."

"साहेब, मंगळ रात्री दिसतो."

"रात्री माझी ड्यूटी नसती. कार्यालयीन वेळेत काय दिसतंय ते दाखवा."

मास्तरांनी दुर्बीण बाहेर काढली, सूर्य मागे टाकून तोंड काजूच्या डोंगराकडे वळवले आणि बाजूला उभे राहिले. गणपतरावांनी चष्मा काढून डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग हळूहळू त्यांचे तोंड उघडले.

"लाल हाय की!"

"साहेब, ते..."

"ते काय?"

इथे मास्तरांना खरे बोलता आले असते. त्यांच्या डोळ्यांपुढे दार उघडून आत ओरडणारी क्रांती उभी राहिली. "ते जरा धूसर आहे," ते म्हणाले.

"असणारच. कोट्यवधी मैलांवर हाय, धूसर न्हाय तर काय!"

बायडाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकखोलीतून बाहेर आल्या. "आवं सायब, त्ये तर म्या..."

"बायडाबाई, खिचडी लागली बघा खाली!" मास्तर ओरडले.

मग तेवीस पोरांनी रांगेने मंगळ पाहिला. साहेबांनी प्रत्येकाला विचारले, "कसला दिसला?" प्रत्येकाने "लाल" म्हणून सांगितले. यात खोटे काहीच नव्हते. चौथ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी आली : ‘काजूमाळच्या चिमुकल्यांनी भरदुपारी पाहिला मंगळ.’

बातमीमुळे परिपत्रक निघाले. ज्याअर्थी एका दुर्गम शाळेत मंगळ कार्यालयीन वेळेत दिसतो, त्याअर्थी सर्व शाळांनी तो कार्यालयीन वेळेतच पाहावा. सर्व शाळांनी प्रयत्न केला आणि कोणालाही काही दिसले नाही. त्याअर्थी दोष मार्गदर्शनाचा होता. त्याअर्थी मार्गदर्शक नेमणे आले. जिल्ह्यात भरदुपारी मंगळ दाखवल्याचा अनुभव असलेला माणूस एकच होता. प्रभुलिंग मास्तरांना प्रतिनियुक्तीवर कोल्हापूरला बोलावण्यात आले. घर बावड्यात, कचेरी सायकलच्या अंतरावर. बदलीची गरजच उरली नाही. महिन्याभरात क्रांती त्यांना अप्पा म्हणू लागली.

मास्तर शाळोशाळी हिंडू लागले. पिशवीत तेलाची बाटली आणि एक पुडा असे. किरकोळ सादिल खर्चात त्याची नोंद ‘लाल भुकटी, खगोलीय’ अशी होई. मंगळ सर्वत्र दिसू लागला. गणपतरावांना बढती मिळाली.

काजूमाळला मात्र दुसरा शिक्षक देता येईना, कारण जागा रिकामी नव्हती. प्रभुलिंग मास्तरांचा पगार तिथूनच निघत होता, म्हणजे ते तिथेच होते. बायडाबाई दहाला कुलूप काढीत, घंटा देत, खिचडी वाढीत आणि पाचला कुलूप लावीत. हजेरी शंभर टक्के.

वर्षाने दौऱ्याच्या क्रमाने काजूमाळचे नाव आले आणि मास्तर आपल्याच शाळेत मार्गदर्शन करायला गेले. विवरणपत्रात पहिलाच प्रश्न होता : शाळेचे शिक्षक उपस्थित होते काय? मास्तरांनी क्षणभर विचार करून ‘होय’ लिहिले. शिक्षक प्रेरित आढळले काय? ‘अत्यंत.’ मार्गदर्शक म्हणून एक सही केली आणि शिक्षक म्हणून खाली दुसरी.

"पोरांचं कसं चाललंय, बायडाबाई?"

"मला पाढं सातापत्तूर येत्यात. तेवढं घोकून घेतल्यात. आठापासनं फुडं तुमी सांगा."

मास्तरांनी घड्याळ पाहिले. घाट अंधाराच्या आत उतरायचा होता. "पुढच्या महिन्यात येतो," म्हणून ते जीपमध्ये बसले. दानेश्वरी आता चौथीत होती. तिने काही विचारले, पण जीप चालू झाली होती.

आता हिशेब. मास्तरांना घर मिळाले, गणपतरावांना बढती, विभागाला बातमी. हे सगळे फुकट झालेले नाही. तेवीस पोरांनी एकेक वर्ष दिले आणि अजून देत आहेत. राहता राहिलो आपण. सकाळी चहा पिताना ती बातमी वाचून "खेड्यातली पोरंसुद्धा कुठल्या कुठं गेली बघा" असे तुम्ही म्हणाला होतात, मीही म्हणालो होतो. आपल्याला पेपरचे दोन रुपये पडले, आणि त्यातलेही काही रद्दीवाल्याकडून परत आले.